मन्सूरभाईंची पार्टी

मन्सूरभाई सोलकरांनी आमच्या दाराची बेल कधी वाजवली नाही. तळहाताने दार बडवायचे आणि कॉरिडॉरमधूनच ओरडायचे, "अगो पुणेवाली, हायस काय घरात?" आम्ही शारजाच्या अल नहदात राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात ही थाप पडली आणि मी घाबरून नवऱ्याला हाक मारली. म्हटलं, पाइप फुटला की आग लागली! दार उघडलं तर समोर पांढरी दाढी, चौकड्यांची लुंगी आणि हातात झाकलेलं पातेलं. "सुरमईचं कालवण हाय. रुखसानाने पाठवलंय. पातेलं ठेवून घे, पण परत देशील तां रिकामं देऊ नको." एवढं सांगायला त्यांनी जो आवाज लावला होता, तेवढ्यात हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या ऑफिसची अख्खी मीटिंग उरकली असती.

आमच्या समोरच्याच दारात राहणारे मन्सूरभाई मूळचे रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे. दुबईतल्या रास अल खोरला जुन्या गाड्यांच्या इंजिनांचं दुकान. दिवसभर इंजिनं चालू करून दाखवायची, घरघराटावर ओरडून भाव सांगायचा, असं आयुष्य गेलेलं. उजव्या कानाने ऐकू येत नसे. "कान गेला म्हणून मी वरडतो, की वरडून वरडून कान गेला, तां एक अल्लाला ठाऊक," असं ते स्वतःच हसत सांगायचे. आमच्या मुलाकडे मित्र आले की तो आधीच सांगून ठेवायचा, "ही इज नॉट फायटिंग. ही इज जस्ट टॉकिंग."

आणि त्यांचा तो एक शब्द! दुकानात येणारं गिऱ्हाईक म्हणजे 'पार्टी'. आपल्याकडच्या बाजारात म्हणतातच की, पार्टी आली, पार्टी मोठी आहे, पार्टी बुडवी निघाली. पण मन्सूरभाईंनी तो शब्द दुकानाबाहेर काढून जगभर फिरवला होता. आसिफसाठी, म्हणजे त्यांच्या मुलासाठी, मुलगी बघायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "समोरची पार्टी बरी हाय, पण जेवणात मीठ नाय." डोळ्यांचा डॉक्टर 'हुशार पार्टी', घरमालक कंपनी 'कडक पार्टी'. मी चिडून एकदा विचारलं, मग मी कोण? क्षणभर विचार करून म्हणाले, "तू उधारीची पार्टी. पातेलं अजून दिलं नायस."

दर शुक्रवारी नमाजानंतर त्यांच्या घरी पार्ट्या जेवायला येत. सुदानचे, केनियाचे, नायजेरियाचे व्यापारी. हे लोक इंजिनांचे कंटेनर भरून आपापल्या देशात नेत. सौदा दुकानात करायचा नाही, घरी करायचा, हा मन्सूरभाईंचा नियम. "पोटात भात गेला की माणूस खोटं बोलत नाय," म्हणत. भात जायचा, मासा जायचा, आणि मग जे सुरू व्हायचं त्याला सौदा म्हणणं म्हणजे कमालच! एक जण मांडीवर थापा मारतोय, एक जण चपला घालून निघालाय, मन्सूरभाई त्याच्यामागे लिफ्टपर्यंत धावताहेत, "हबीबी, मेरेको मारो, फिर जाओ!" शेवटी "खलास, खलास" म्हणत गळाभेट. मला सवय झाली होती. मी टीव्हीचा आवाज वाढवून भाजी निवडत बसे.

या सगळ्यात रुखसानाभाभी शांतपणे वाढत असायच्या. मधुमेहाने त्यांचे डोळे जवळजवळ नेले होते. उजेड कळायचा, माणसाची सावली कळायची, बाकी काही नाही. पण घरात त्यांचं चालणं पाहिलं असतंत तर विश्वास बसला नसता. गॅस, ओटा, फ्रिज, बाल्कनीची चौकट, कुठेही हात चाचपडायचा नाही. उकळता रस्सा पाहुण्यांच्या डोक्यांवरून नेऊन बरोबर मध्यभागी ठेवायच्या. बिल्डिंगच्या बाहेर मात्र फुटपाथची कडासुद्धा मन्सूरभाईंचा दंड धरल्याशिवाय उतरता येत नसे.

आता नियमाकडे येते. आमच्या वरच्या मजल्यावर चार-पाच नोकरदार पोरं एकत्र राहत. त्यांचा धिंगाणा, स्पीकर, वरून धपाधप नाच. लोक पोलिसांना फोन करत, गस्तीची गाडी येई, पोरं सॉरी म्हणत, गाडी गेली की पुन्हा सुरू. पोलिसांनी काय याच कामाला यायचं? शेवटी घरमालक कंपनीने भाडेकरूंची बैठक घेतली आणि नियम काढला. गोंगाटासाठी पोलीस पहिल्यांदा आले तर समज. त्याच घरी पुन्हा यावं लागलं तर यजमानाकडून आकार, म्हणजे दंडच. तिसऱ्यांदा आले तर वर्षअखेरीला करार वाढवून मिळणार नाही. बैठकीत पहिला हात मी वर केला. आजही करीन. ज्याच्या घरचा गोंधळ, त्यानेच तो निस्तरायचा, यात चुकीचं काय आहे? मन्सूरभाईंनीही माझ्या शेजारी बसून हात वर केला होता. "पोरांना हिसका पायजे," म्हणाले.

आणि महिन्याभरात पोलीस आले ते सोलकरांकडे.

शुक्रवारची दुपार. तरणेबांड दोन पोलीस, अगदी अदबीने उभे. मी दार किलकिलं करून बघत होते. एकाने हिंदीत विचारलं, "चाचा, इधर पार्टी है?" मन्सूरभाईंचा चेहरा उजळला. "है ना! चार पार्टी है. सब पुराना पार्टी. आओ, तुम भी बैठो!" पोलीस गोंधळला. "कब कब होता है पार्टी?" "हर जुम्मे को, इन्शाल्ला! पार्टी नहीं आया तो मेरा तो खलास, हबीबी." मी कपाळावर हात मारला. धावत जाऊन सांगायला हवं होतं, पण हसू आवरेना. पोलिसाने मान डोलावली, आवाज कमी ठेवा म्हणाला आणि निघून गेला. कंपनीकडे नोंद गेली ती अशी, की या घरी दर शुक्रवारी पार्टी असते आणि यजमानाने स्वतःच कबूल केलं आहे.

पंधरवड्याने पोलीस पुन्हा आले आणि आकार लागला. पाचशे दिरहॅम. म्हणजे जवळजवळ बारा हजार रुपये, असं मीच मोठ्याने म्हणाले. मन्सूरभाईंनी तो आकडा ऐकलाच नाही. त्यांच्या डोक्यात पुढचं चाललं होतं. आता आणखी एकदा गाडी आली की हे घर गेलं. "पुणेवाली," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागलं, "या घरात रुखसाना आंधळी नाय. दुसऱ्या घरात नेली की व्हईल."

झालं, दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेले. मॅनेजर केरळचे नायरसाहेब, नियमावर बोट ठेवणारे. मी तावातावाने पार्टी या शब्दाचा इतिहास सांगितला. दुकान, गिऱ्हाईक, सौदा, सगळं. नायरसाहेब आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होते, मग "चार पार्टी, पुराना पार्टी"पर्यंत आल्यावर त्यांना हसताना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, ठीक आहे, गैरसमज झाला. दोन्ही वेळा खोडून टाकतो. मी विजयी मुद्रेने मन्सूरभाईंकडे पाहिलं.

"नको," मन्सूरभाई म्हणाले.

मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी डाव्या कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "आयकलं गो. शब्द चुकला, पण आवाज खरा होता ना? पोलीस फुकट नाय आले. कुणाला तरी त्रास झाला म्हणून आले." एरवी मेथीच्या जुडीसाठी हुज्जत घालणारा हा माणूस. त्याने एका शब्दाने घासाघीस न करता पैसे भरले. पावतीसुद्धा नीट बघितली नाही. बाहेर आल्यावर मी चिडचिडले, चांगलं मिटत होतं ना! तर म्हणाले, "मिटत नव्हतं. झाकत होतीस तू."

तक्रार कुणाची, हे नायरसाहेबांनी सांगितलं नव्हतं. मन्सूरभाई आपणच खालच्या मजल्यावर गेले. त्यांच्या बरोबर खाली इस्पितळात रात्रपाळी करणारी एक सिस्टर राहत होती. दुपारी झोपायची, आणि बरोबर तिच्या डोक्यावर इंजिनांचा बाजार भरायचा. वर आले तेव्हा मन्सूरभाईंचं तोंड उतरलं होतं. "भांडली नाय गो. उलट माफी मागली तिने. डोळे बघितलेस काय तिचे? माझ्या घरात एक बाई डोळ्यांनी गेली, आणि मी खालच्या पोरीचे डोळे उघडे ठेवलेत."

मी म्हटलं, जेवणं दुकानावर करा. त्यांना ते पटेना. भाभींच्या घरी माणसं यायची ती तेवढीच. ती बंद केली तर भाभींचा शुक्रवारही गेला. चार दिवस दारावर थाप नाही. पाचव्या दिवशी थाप पडली. "अगो, सुचलं! रुमाल!"

त्यांचा मामा गुरांच्या बाजारात फिरणारा. त्या बाजारात बैलाचा भाव कुणी तोंडाने सांगत नसे. दोघांनी हात हातात घ्यायचे, वरून खांद्यावरचा रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव करायचा. चारचौघांत उभे राहून सौदा होई आणि शेजाऱ्यालाही कळत नसे. मन्सूरभाईंनी लहानपणी ते सगळं शिकून घेतलं होतं. दुकानात बसून त्यांनी आपल्या पार्ट्यांना शिकवलं. सुदानच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याला शिकवावं लागलंच नाही. त्यांच्याकडे उंटांच्या बाजारात हेच चालत असे म्हणे.

त्या शुक्रवारी भाभींच्या मदतीला मी होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. दणकट दणकट माणसं सतरंजीवर मांडी घालून बसलेली, हात रुमालाखाली, आणि कुणी चकार शब्द काढत नाही. भुवया वर जाताहेत, गाल फुगताहेत, एक जण मान झटकून उठतो आणि दुसरा त्याला बोटानेच ओढून बसवतो. मन्सूरभाईंच्या कपाळावर घामाचे थेंब. न ओरडता भाव करायचा म्हणजे त्यांना कोण कष्ट! मी ओढणी तोंडात धरून हसत होते.

आणि दारावर टकटक झाली. उघडलं तर पोलीस.

आता घर गेलंच, म्हटलं. मन्सूरभाईंचा हात रुमालाखालीच राहिला. आवाज येत होता तो वरून, पोरांच्या स्पीकरचा. पण नोंद या घराची, म्हणून पोलीस आधी इथे थांबले होते. या वेळी बरोबर एक वयस्कर हवालदार होता. तो दारात उभा राहून बराच वेळ ते रुमाल बघत राहिला. मग तरुण पोलिसाला अरबीत काहीतरी सांगू लागला, आणि आमच्याकडे वळून हिंदीत म्हणाला, "मेरा दादा मोती का धंदा करता था. ऐसे ही करता था, कपडे के नीचे." छताकडे बघून त्याने जोडीदाराला जिन्याकडे पिटाळलं. जाताना ओठावर बोट ठेवून म्हणाला, "यल्ला चाचा, भाव अच्छा देना." वरच्या पोरांना त्या दिवशी आकार बसला. बसायलाच हवा होता.

वर्षअखेरीला करार झाला. मन्सूरभाईंनी नायरसाहेबांना सांगून त्यावर भाभींचंही नाव घालून घेतलं. मी विचारलं, आता कशाला? "आता नाय तर कधी? मी गेल्यावर?" एवढंच बोलले आणि विषय बदलून टाकला.

पुढच्याच हिवाळ्यात ते गेले. दुकानातच, एका पार्टीला चहा देता देता. आसिफ अबुधाबीहून आला. अम्मीला आपल्याकडे घेऊन जातो म्हणाला. भाभी "नाय" म्हणाल्या. करारावर त्यांचं नाव होतं, त्यांना कुणी हलवू शकत नव्हतं. शेवटी आसिफनेच बायको-पोरांसह बिऱ्हाड शारजाला आणलं आणि नोकरीला तो अबुधाबीला जाऊ-येऊ लागला.

दफनानंतर दोन दिवसांनी दुपारी मी भाभींकडे गेले. त्यांचा हात धरायचा, त्यांना धीर द्यायचा, असं ठरवून गेले होते. आत पाऊल टाकलं, ती रिकामी सतरंजी दिसली, आणि मला एकदम हुंदकाच फुटला. मी भिंतीला टेकून मोठमोठ्याने रडायला लागले. भाभी उठल्या. सरळ स्वयंपाकघरात गेल्या, फ्रिज उघडला, पेला काठोकाठ भरला आणि एक थेंबही न सांडता माझ्यासमोर आणून धरला.

"हळू रड गो," त्या म्हणाल्या, "खाली सिस्टर झोपलीय."