आर्डिथ हफमायरचं स्वतःचं पिस्तूल

आर्डिथ हफमायर पिस्तुलाच्या प्रेमात पडायची ती थेट पडायची. चौकशी वगैरे नंतर. मागे एकदा अक्रोडाच्या मुठीवरची चांदीची वेलबुट्टी बघून तिने एक ठासणीचं पिस्तूल उचललं. घरी येऊन नळीत दिवा सोडला, तेव्हा कळलं की बुडाशी गंजाने शेत नांगरून ठेवलंय. ते पिस्तूल सध्या तिच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवायच्या कामी येतं, आणि आल्यागेल्याला ती ते पोट धरून हसत दाखवते. त्यानंतर आणखी एक घेतलं. त्याचा घोडा आपल्या मर्जीने पडायचा, चाप ओढा नाहीतर नका ओढू. तेही तिने हसण्यावारी नेलं. जिने जन्मभर शाळेची बस चालवली, त्या बाईला कशाचंच फारसं वाईट वाटत नाही.

एका गोष्टीचं मात्र वाटायचं. स्पर्धेत ती अजून उसन्या पिस्तुलाने नेम धरत होती. ते पिस्तूल डॉयल प्रुइटचं, म्हणजे तिच्या वारलेल्या थोरल्या बहिणीच्या, विल्माच्या नवऱ्याचं. डॉयलचे हात आताशा थरथरतात, त्यामुळे तो स्वतः उभा राहत नाही. पण आर्डिथने पदक मारलं की छाती त्याची फुगते. "नेम कुणाचा का असेना, पिस्तूल कुणाचं?" असं तो भर मैदानात ओरडून विचारतो, आणि उत्तरही स्वतःच देतो.

म्हणून यंदा आर्डिथने मनाशी पक्कं केलं होतं. दक्षिण इंडियानाच्या टेकड्यांत, लॉफरी ओढ्याकाठी ठासणीवाल्यांचा वसंतातला मेळा भरला, की शनिवारच्या सामन्याआधी स्वतःचं पिस्तूल घ्यायचं. जुनंच, कारण नव्याची किंमत ऐकून पाकीट आपोआप बंद होतं. पण या खेपेला डोकं ठिकाणावर ठेवून. डोकं म्हणून तिने डॉयललाच बरोबर घेतलं, आता बोला!

शुक्रवारी सकाळपासून डॉयलने मेळ्याच्या बाजारातल्या एकाही पिस्तुलाला नावं ठेवायचं सोडलं नाही. "ह्याची माशी बघ," नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या त्या बारक्या खुंटीवर बोट आपटत तो म्हणाला, "केवढी डावीकडे सरकवलीय. नळीच वाकडी असणार." पुढच्याच्या नळीतले, गोळीला फिरकी देणारे आटे झिजलेले. त्याच्या पुढच्याची मूठ म्हणे माणसासाठी नव्हे, अस्वलासाठी घडवलेली. एकात काही केल्या खोट सापडेना, तेव्हा त्याने नळी नाकाशी धरली आणि तोंड वाकडं केलं.

"ह्याचा वास मला नाही आवडला."

"वास?" आर्डिथ खिदळली. "अरे बाबा, मी पिस्तूल घेतेय का खरबूज?"

तेवढ्यात मैदानाकडून घंटेचा ठणठणाट झाला आणि नेमबाजांच्या सगळ्या रांगेतून एकच आरोळी उठली, "दारू कुठाय?"

त्याचं असं आहे. ठासणीचं पिस्तूल तोंडाकडून भरतात. आधी बंदुकीची काळी दारू, तिच्यावर चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, आणि मग गजाने ठासायचं. गप्पांच्या नादात दारू घालायची राहिली, की गोळी तळाशी जाऊन बसते आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. हिला कोरडी गोळी म्हणतात. भल्याभल्यांकडून होते. मग हात वर करायचा, खांबाला टांगलेली गाईच्या गळ्यातली घंटा वाजवायची आणि अख्ख्या मैदानाचं ऐकून घ्यायचं, असा रिवाज. त्या ऐकवण्यात सगळ्यात मोठा गळा डॉयलचा. "आपल्याकडून नाही झाली बुवा कधी," असं म्हणून तो आताही बेंबीच्या देठापासून ओरडला.

बाजाराच्या शेवटी लिओटा नावाची एक विधवा घोंगडी पसरून नवऱ्याच्या वस्तू विकत बसली होती. तिथे एक साधंसुधं पिस्तूल पडलेलं. ना चांदी, ना वेलबुट्टी. आर्डिथने ते उचललं, डोळे मिटले, हात सरळ वर केला आणि डोळे उघडले. माशी मागच्या खाचेत बरोब्बर मधोमध! आर्डिथने जागच्या जागी उडी मारली. मग स्वतःलाच दटावून ती रीतसर तपासायला बसली. घोडा अर्धा चढवून चाप ओढला, घोडा ढिम्म. पुरता चढवला, अंगठ्याने धरून अलगद उतरवला, चाप लोण्यासारखा. नळीच्या तोंडाची कड कुठे चेपलेली नाही. घोड्यामागच्या लाकडाला तडा नाही.

"अपशकुनी आहे," डॉयल एकदम म्हणाला. "ठेव ते. चल इथून."

"अगंबाई!" लिओटा म्हणाली. "ह्यांना ज्याने विकलं, तो माणूसही अस्संच म्हणाला होता! ह्याच मैदानावर घेतलं होतं ह्यांनी. तेव्हापासून भिंतीवर होतं, एकदासुद्धा उडवलं नाही."

डॉयल लगेच आभाळातले ढग बघू लागला.

शेवटची तपासणी गजाची. आर्डिथने गज नळीत सोडला, तोंडाशी अंगठ्याने खूण धरली, आणि बाहेर काढून नळीशेजारी लावून पाहिला. तो बुडापर्यंत पोचायला हवा होता. बोटाच्या पेराएवढा अलीकडेच थांबत होता. तिने पुन्हा सोडला. पुन्हा तेच.

"आत गोळी आहे," ती हळूच म्हणाली, पण शेजारच्या विक्रेत्याने ऐकलं आणि बोंब ठोकली. बाजारात भरलेलं पिस्तूल! लोक पांगले, मैदानाचा पंच मर्ल धावत आला. त्याने गज घालून पाहिला आणि मान हलवली.

"हे पेटीत बंद. मेळा उठल्यावर बघू. आणि तुम्ही बाई, घोंगडी गुंडाळा. इथला नियम आहे."

"अहो, मला काय माहीत हो!" लिओटाला रडूच फुटलं.

आर्डिथने पिस्तूल मर्लच्या हातात दिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू असं सगळंच्या सगळं उतरलेलं डॉयलने आजवर एकदाच पाहिलं होतं, विल्माच्या दफनाच्या दिवशी. त्याने फक्त गप्प बसायचं होतं. उद्या ती मुकाट्याने त्याचंच पिस्तूल घेऊन उभी राहिली असती.

"त्यात दारू नाही," डॉयल म्हणाला.

"तुला रे काय ठाऊक?" मर्लने विचारलं.

"नाही म्हणजे नाही."

"डॉयल, गोळीखाली दारू आहे का नाही, ते देवालाच ठाऊक."

"देवाला आणि मला," डॉयल कसाबसा म्हणाला. "मीच भरलं होतं ते."

मग सगळं भडाभडा बाहेर पडलं. मोठा सामना होता, शेवटची गोळी होती, विल्मा मागे बसून बघत होती. चाप ओढला आणि नुसतं टक्. आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडलेला माणूस तो, हात वर कसा करणार? पिस्तुलातच खोट आहे असं सांगून तो रांगेतून निघाला, आणि वाटेत जो पहिला माणूस भेटला त्याच्या गळ्यात ते मारलं. "भरलेलं विकलं असतं का मी?" तो कळवळून म्हणाला. "कोरडी होती, म्हणून तर विकलं!"

मर्लने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "असलं खोटं स्वतःबद्दल कुणी बोलत नसतं," तो म्हणाला. "बाई, राहू द्या तुमची घोंगडी."

आर्डिथ तोवर गवतात बसली होती. हसून हसून तिची मुरकुंडी वळली होती. "वास नाही आवडला!" ती म्हणायची आणि पुन्हा लोळायची. मग सगळी वरात मैदानावर गेली. मर्लने घोड्याखालचं, ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसते ते बोंड काढलं, त्या भोकातून चिमूटभर दारू आत सारली, बोंड परत आवळलं, टोपी चढवली आणि निशाणाकडे नळी धरून चाप ओढला. फुस्स! गोळी चार पावलांवर गवतात पडली. डॉयलने घंटा वाजवली. जी आरोळी उठली, ती ऐकून सँडविचच्या दुकानातला तळणारा कढई सोडून बघायला आला. डॉयल लाल झाला, मग त्याचं त्यालाच हसू आलं, आणि शेवटी तोच सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता.

नळी साफ करून आर्डिथने पिस्तूल भरलं, दारू आधी सगळ्यांना दाखवून. कागदावरची तिची सगळी भोकं एका तळहाताखाली झाकली गेली. लिओटाने सांगितलेली किंमत तिने तशीच दिली. आनंदात असली की तिला घासाघीस सुचत नाही.

डॉयल आपल्या गाडीच्या मागच्या फळीवर एकटाच बसला होता. आर्डिथ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ह्याचं कळलं. बाकीच्यांना का नावं ठेवलीस? त्यातली दोन तर चांगली होती."

"तीन," डॉयल म्हणाला.

"मग?"

"तुझं तुला मिळालं, की माझं न्यायला कशाला येशील तू? येतेस, विल्माच्या कपातून कॉफी पितेस, तिच्यासारखीच खिदळतेस. तेवढा वेळ घर घरासारखं वाटतं."

आर्डिथने त्याला हातमोज्याने एक जोरात फटका मारला. "गाढवा! तुझ्या त्या धुडासाठी येत होते का मी? मनगट मोडायची वेळ आणलीय त्याने! जानेवारीत बर्फ तुडवत पिस्तूल मागायला आले होते, आठवतंय? ओढा गोठलेला, मैदानाला कुलूप. कुठला सामना होता रे तेव्हा?"

डॉयलने आठवून पाहिलं. सामना कुठलाच नव्हता. आर्डिथ फळीवर त्याच्या शेजारी चढून बसली, आणि दोघंही रडता रडता हसत सुटले.