खाऱ्या विहिरीवरचे लोक

पॅकिंग शेडमध्ये हात मिरच्या निवडत असतात, तोंड मोकळं असतं. त्यामुळे एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला त्याहून जबरदस्त काहीतरी आठवतं. नव्वदच्या दशकात इस्राएलच्या वाळवंटात, बेर्शेबा शहराच्या पुढे, आमच्या मोशावात मी हेच काम केलं. मोशाव म्हणजे शेतकऱ्यांचं गाव. ज्याचं शेत त्याचं, माल मात्र सगळ्यांचा एकत्र विकायचा. निम्मे लोक आमचे, मुंबई-कोकणातून आलेले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. चहूकडे वाळू, आणि विहिरीला पाणी लागलं तेही खारं!

*

योसेफ इथेच जन्मलेला. मराठी सगळं कळायचं, उत्तर हिब्रूत. त्याने त्या खाऱ्या पाण्यावर टोमॅटो लावले. आले बोराएवढे. व्यापाऱ्याने ट्रकवरून खालीसुद्धा उतरवू दिले नाहीत.

त्याची बायको इलाना रडली नाही. सगळे क्रेट घेऊन बेर्शेब्याच्या बाजारात उभी राहिली आणि येईल त्या बाईच्या हातावर एकेक टोमॅटो ठेवत गेली. दुपारपर्यंत क्रेट रिकामे.

एका गिऱ्हाइकाने योसेफला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "झाडांना साखरेचं पाणी घालता का?"

"नाही," योसेफ म्हणाला, "मिठाचं."

पुढच्या हंगामात तोच व्यापारी शेताच्या बांधावर येऊन उभा होता.

*

रिबेकामावशी मूळची पेणची. तिला पातवड्या करायच्या होत्या आणि वाळवंटात अळू कुठून येणार? तिने एसीच्या नळीखाली टब ठेवला, त्यात कुणाकडून तरी आणलेले कंद लावले. बाहेर ऊन जितकं कडक, तितका एसी जास्त चालणार, तितकं अळू तरारणार. दोन वर्षांत गल्लीतल्या प्रत्येक एसीखाली टब आला. जवळच्या डिमोना गावातल्या बायका पानांसाठी बस पकडून यायला लागल्या.

एकदा ऐन ऑगस्टमध्ये वीज गेली. घामाघूम माणसं बाहेर आली ती अळवाला बादलीने पाणी घालायला.

*

मावशीचे यजमान डॅनियलकाका. शेतातले उंदीर पाण्याच्या नळ्या कुरतडायचे, म्हणून त्यांनी कुणाच्या तरी सल्ल्याने खांबावर घुबडांसाठी लाकडी पेटी बसवली. मावशी हादरली. दारात घुबड म्हणजे घरातलं कोण जाणार, असं म्हणून तिने दोन दिवस काकांशी अबोला धरला.

घुबडांची जोडी आली, पिल्लं झाली आणि नळ्या शाबूत राहायला लागल्या. मावशी रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बघत बसायची. एकदा एक पिल्लू खाली पडलं. गुडघेदुखीची ही बाई त्याला ॲप्रनमध्ये गुंडाळून शिडी चढली आणि पेटीत ठेवून आली.

मी विचारलं, "मावशी, अपशकुनाचं काय झालं?"

"ते तिकडचं घुबड, बाय. हे आपलं."

*

डॅनियलकाका अलिबागच्या किनाऱ्यावर वाढलेले. विहिरीचं पाणी खारं आणि कोमट आहे ना, मग मासे का नकोत, असं त्यांच्या मनाने घेतलं. वाळूत मोठा खड्डा खणून प्लॅस्टिक अंथरलं, पाणी भरलं, पिल्लं सोडली. एका शब्बाथला, शनिवारच्या सुट्टीत शेतावर कुणी नसताना, हवेचा पंप बंद पडला आणि सगळे मासे मेले. काकांनी ते ऑलिव्हच्या मुळाशी पुरले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मग दुसरा पंप आणला, पुन्हा पिल्लं सोडली. या वेळी ती जगली.

काकांची आई डिमोन्याला लेकीकडे राहायची. कित्येक वर्षं तिने कुणाला ओळखलं नव्हतं, काकांनाही नाही. तळं दाखवायला काका तिला घेऊन आले. आम्ही सगळे काठावर जमलो.

आईने पाण्यात बोटं बुडवली, जिभेला लावली. चहूकडच्या वाळूकडे पाहिलं. मग काकांकडे.

"डॅनियल," ती म्हणाली, "समुद्र आणलास, आणि होडी?"



पुढच्या आठवड्यात अश्दोद बंदरातून एक जुनी होडी ट्रकवर चढून वाळवंटात आली. काकांनी आईला अलगद उचलून तिच्यात बसवलं आणि वल्हं हातात घेतलं. होडी काठापासून सुटली तशी आईने मागे वळून आम्हाला हात केला.

"जेवायला थांबू नका," म्हणाली.