नडगीवरचे काळे पट्टे

सकाळी सहाला सावेडीतून निघालो; मी वार्ताहर म्हणून सोबत. गाडी शबाना शेख चालवत होत्या. त्या फिजिओथेरपिस्ट, या रविवारपासून श्रीगोंदा तालुक्यातल्या एका पोलीस भरती अकॅडमीत मुलींचे पाय तपासायला जाणार होत्या. वाटेत उसाची ट्रॉली उलटलेली होती. पाऊण तास गेला.

पोहोचलो तेव्हा मुली चारीच्या (कालव्याच्या फाट्याच्या) कडेच्या डांबरी रस्त्यावर पळून परतल्या होत्या. नाश्त्याला भिजवलेले हरभरे आणि चहा. मूठभर हरभरे मलाही मिळाले.

"पाय कुणाचा दुखतोय?" शबानांनी विचारलं.

"न्हाई मॅडम!" अकरा जणी एका सुरात.

"ट्रॅकपँट वर करा."

कुणी हललं नाही. मग एकीने वर केली. नडगीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी, मांसात रुतेल इतकी आवळलेली. हळूहळू बाकीच्यांनीही वर केल्या. मी मोजलं. अकरापैकी नऊ. हरभरे माझ्या मुठीतच राहिले.

"आवळलं की दुखनं कळत न्हाई," वैष्णवी म्हणाली. सगळ्यांत वेगवान तीच. गेल्या भरतीत एका गुणाने हुकलेली. आता मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर.

शबानांनी तिची पट्टी कापली आणि उजव्या पायावर उड्या मारायला सांगितलं. तिने दहा मारल्या, हसत.

"हसतेस काय गं?"

"तोंड वाकडं केलं की सर बसवून ठिवत्यात."

शबानांनी नडगीवर अंगठा नुसता टेकवला. वैष्णवीने शेजारणीचं मनगट धरलं. सुटलं तेव्हा त्यावर चार बोटं उमटली होती.

"हाडाला चीर असावी. एक्स-रे काढू. तोवर पळणं बंद."

"आन् भरती?"

"अशीच पळलीस तर चाचणीतच हाड मोडेल. मग पुढचीही गेली."

अकॅडमीचे सर, माजी सैनिक, मध्ये पडले. "मॅडम, ट्यूब मीच शिकिवली. आमी असंच पळालो."

"मग तुमचाही पाय दाखवा."

त्यांनी पँट वर केली. नडगीच्या मध्यावर हाड फुगून वाकडं जुळलेलं. मुली बघत राहिल्या. कुणीच ते आधी पाहिलं नव्हतं. सरांनी पँट खाली केली आणि कात्री मागितली.

निघताना वैष्णवी लंगडत गाडीशी आली. हातात पळायचे बूट.

"मॅडम, हे घिऊन जा. हितं ऱ्हायले तर मी पळन."

परतीच्या वाटेवर बूट माझ्या पायाशी होते. अपघाताच्या बातम्या मी पुष्कळ लिहिल्या. त्यांत जखमी माणूस ओरडतो, म्हणून लोक धावतात. त्या दहा उड्यांना आवाजच नव्हता.

सावेडीत शबानांनी बूट डिकीत ठेवले, कुलूप लावलं आणि एकदा ओढून पाहिलं.