दुसऱ्याचा दोर

निघोज्यात आमच्या खोल्यांमागे एक जुना शिरीष आहे. छंद म्हणून झाडांवर चढणारे लोक सुट्टीच्या दिवशी तिथे येतात. त्यांच्यातल्या कुणाचा तरी दोर फांदीवरच राहून गेला होता. पंचमी जवळ आलेली, म्हणून आम्ही बायकांनी त्याचाच झोका केला. माझी जाऊ त्यावर बसणार, तेवढ्यात केस पिकलेली एक बाई पाठीवर पिशवी घेऊन आली आणि तिने दोर धरला.

"ताई, यावर बसू नका."

"तुमचा हाय का?" जाऊबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग सोडा की. का तुमाला पहिला झोका पायजे?"

ती हसली, पण दोर सोडला नाही. "वर याचं काय झालंय ते खालून कळत नाही. बघून येते."

तिने स्वतःचा दोर दुसऱ्या फांदीवर टाकला, त्याला दोनदा लोंबकळून पाहिलं आणि चढू लागली. माझ्या आईच्या वयाची बाई बघता बघता पानांत दिसेनाशी झाली. मी तोंडाला पदर लावून उभी होते.

तिने झोक्याचा दोर वर ओढून घेतला. खाली आल्यावर मोबाईलमधला फोटो दाखवला. खारींनी दोर कुरतडला होता, चारदोन धागेच उरले होते.

मी अनोळखी माणसाशी बोलत नाही, तरी विचारलं, "मग कापून का नाही टाकला?"

"माझा नाही ना तो. वरच बांधून ठेवलाय, कुणाचा हात पोचणार नाही असा. ज्याचा असेल त्याला शोधून सांगते."

जाऊबाईंनी फोटो पुन्हा पाहिला. मग माझा हात धरला, तो खोलीच्या दारापर्यंत सोडला नाही.