नावाड्यांची वही

पोलिसातल्या चौतीस वर्षांच्या नोकरीतले गुन्हे आता एकमेकांत मिसळतात, पण निवृत्तीनंतरची ही घटना, जी कुठल्याच ठाण्यात नोंदली गेली नाही, ती जशीच्या तशी आठवते.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही नवरा-बायको लेकीकडे आयर्लंडला, ल्यूकनमध्ये अडकलो होतो. शेजारी एक म्हातारे आफ्रिकी मास्तर राहत. त्यांच्या देशाच्या उत्तरेकडच्या गवताळ मुलखातलं, नदीकाठचं त्यांचं आडगाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. गावाचा इतिहास त्यांनी शाईने एका वहीत लिहिला होता. बाजार, पूर, नावाड्यांच्या अकरा पिढ्यांची नावं. कुंपणापलीकडून रोज ते वाचून दाखवत. त्यांचे इंग्रजी उच्चार मला कळत नसत, मी आपली मान डोलवायचो. एके दिवशी त्यांनी वही कुंपणावर ठेवली आणि लेकीकडून टाइप करून मागितली.

तीन दिवसांनी लेकीने ती उघडली. पानोपान निळे डाग, एक अक्षर लागेना.

"बाबा, याला सॅनिटायझरचा वास येतोय," ती म्हणाली.

एवढी खबर पुरे होती. बायकोला समोर बसवलं. खोटं बोलणारा आधी प्रश्न पुन्हा विचारायला लावतो, हा माझा अनुभव. हिने लगेच सांगितलं.

"अहो, पान न् पान पुसलं मी. बाहेरची वस्तू पुसल्याशिवाय आत घ्यायची नाही, असं तुम्हीच बजावलंत ना?"

खरं होतं. अंगात मुरलेल्या साहेबीने मीच तो हुकूम लिहून फ्रिजवर चिकटवला होता. तपास तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी कुंपणाशी जाऊन कबुली दिली. मास्तरांनी वही शेवटपर्यंत चाळली. "इट्स ग्रँड," म्हणाले. तिथे 'असू दे' म्हणायला सगळे हेच म्हणतात. मला शरमेने वर बघवेना. रेघांचा कागद काढून म्हटलं, सांगा, जबाब लिहून घेतो. त्यांनी डोळे मिटले. नावाड्यांची तीन नावं आली. चौथं येईना.

"विसरायला लागलो, म्हणून तर लिहून ठेवलं होतं," ते म्हणाले आणि आत गेले.

हजारो जबाब घेतले, चोराचाही शब्द गाळला नाही. जो माणूस रोज आपण होऊन सांगत होता, त्याच्यासमोर मात्र साधं पेन उघडलं नाही. याला भरपाई नाही. २०२१मध्ये परत निघताना निरोप घ्यायला गेलो, तर त्यांनी मला ओळखलं नाही.

तो कागद माझ्याकडे आहे. वर तीन नावं आहेत. 'वाचून दाखवला, बरोबर आहे' या जबाबाच्या शेवटच्या ओळीसाठी खाली सोडलेली जागा तशीच कोरी आहे.