बावन्न भोकांचा फरक

विद्यापीठाच्या तळघरातल्या वर्कशॉपमध्ये ते फिटर होते. एकवीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे चाळणवाले म्हणत. हे नाव घरातूनच आलेलं. ज्वालांच्या प्रयोगशाळेसाठी ते पोलादी चकत्यांना भोकं पाडत. एकदा तशी एक चकती बायकोला दाखवायला नेली, तर ती म्हणाली की पगार घेऊन चाळण्या करता होय! हे त्यांनी स्वतःच वर्कशॉपमध्ये सांगितलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

चाळण साधी दिसे, पण काम नाजूक. ती बर्नरच्या नळीत आडवी बसवायची. हवा आणि गॅसचं मिश्रण खालून येऊन तिच्यातून गेलं, की प्रवाहात बारीक बारीक भोवरे उठत. चाळण नसली तर ज्योत सुळक्यासारखी निमुळती आणि गुळगुळीत असे. चाळण बसवली की ज्योतीच्या अंगावर सुरकुत्या पडत आणि ती भराभर जळे. भोवरे किती वाढले की जळणं किती वाढतं, हे वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकबाई शोधत होत्या. त्यासाठी भोवरे सगळ्या बाजूंनी सारखे हवेत, म्हणजे भोकंही सारखी हवीत.

बाईंच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या मुलीने आठ महिने एकाच चाळणीवर मोजमापं घेतली. मग पहिल्याच्या काटकोनात दुसरा कॅमेरा लावला, तेव्हा दिसलं की ज्योत एकीकडे कललेली आहे आणि त्या बाजूच्या सुरकुत्याही दाट आहेत. शोधाशोध सुरू झाली. बर्नर घासून झाला, धूर ओढणारा पंखा बंद करून पाहिला, खिडकीच्या फटीत कागद कोंबले. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं चाललं होतं.

चाळणवाले गॅसची झडप बदलायला वर गेले, तेव्हा त्यांनी ती ज्योत पाहिली. त्यांना लगेच आठवलं. ती चाळण करताना ड्रिल तुटलं होतं. स्टोअरमध्ये नवं नव्हतं. पाचच्या बसने सासूबाई येणार होत्या, त्यांना उतरवून घ्यायचं होतं. त्यांनी एका जुन्या ड्रिलला हातानेच धार लावली आणि उरलेली भोकं उरकली. ती सगळी एकाच बाजूला होती. ड्रिलच्या दोन धारा सारख्या नसल्या तर भोक मोठं पडतं, हे त्यांनी इतरांना शिकवलं होतं. त्या दिवशी मात्र मोजलं नाही.

तीन दिवस ते गप्प राहिले. चौथ्या दिवशी जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला कुणी विचारलंय का? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"विचारलं नाही कुणी. पण दोष सापडेना म्हणून ती पोर रोज नळ्या धुतेय."

बायकोने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

सकाळी त्यांनी वर जाऊन बाईंना सांगितलं, की बाकी कशाला हात न लावता फक्त चाळण पाव फेरा फिरवून बघा. फिरवली. ज्योतीचा कलही पाव फेरा फिरला.

"चूक माझी आहे," चाळणवाले म्हणाले. "बावन्न भोकं मोठी पडलीत."

"कितीने?" बाईंनी विचारलं.

"केसाएवढी. फार तर दोन केस."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. आठ महिन्यांची मोजमापं बाद झाली. आधीचे आकडे थोडे फुगलेले होते, हे पुढे नव्या चाळणीवर कळलं. मुलीचं काम वर्षभर लांबलं आणि ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. जिन्यात समोर आली तरी मान खाली घालून जाई. त्यांना कार्यालयाकडून ताकीद मिळाली. ताकीदपत्रावर सही करताना त्यांनी एवढंच विचारलं, की तारीख आजची टाकायची का कालची.

त्यानंतर चाळण्या बाहेरून, लेझरने कापून येऊ लागल्या. चाळणवाल्यांकडे त्या तपासायचं काम आलं. ते प्रत्येक भोकात मापाची सळई घालून बघत. पहिल्याच खेपेला त्यांनी पाचांतल्या तीन परत पाठवल्या. कापणारा कारागीर फोनवर वैतागला, की इतकं कोण बघतंय. हे शांतपणे म्हणाले, "ज्योत बघते." बायकोचं म्हणणं असं, की जन्मभर भोकं पाडली, आता मोजत बसा. त्यावर ते हसत, पण ड्रिलची आठवण येई हेही खरं.

चारेक महिन्यांनी ती मुलगी नुकतीच बाहेरून आलेली एक चाळण घेऊन खाली आली. म्हणाली, "काका, एवढी मोजून द्याल? उद्यापासून लावायचीय."

तिला बसायला स्टूल देऊन त्यांनी दिवा जवळ ओढला. सगळी भोकं मोजायला पाऊण तास लागला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "लावा."