आईचं चार, माझं आठ

नव्वदच्या दशकात आमच्या निमगाव सावाकडे बाईच्या कुठल्याही दुखण्यावर एकच औषध होतं, सलाईन. कांदा काढणीच्या आधी बायका दवाखान्यात ओळीनं झोपून बाटली लावून घ्यायच्या. आईही घ्यायची. बाटलीत पिवळं इंजेक्शन टोचलं की ती बाटली 'ताकदीची' झाली. दोन दिवस आईला हुशारी वाटायची, तिसऱ्या दिवशी हंडा उचलला की पुन्हा धाप. बाटलीत मुख्यतः मीठपाणीच असतं आणि मीठपाण्यानं रक्त वाढत नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगणाऱ्याचा धंदा कसा चालणार?

आई पांढरीफटक पडली होती. तांदूळ निवडताना मूठभर कच्चेच चावायची आणि आम्ही हसायचो. अंगात रक्त कमी असलं की असं कच्चं खावंसं वाटतं, हे कुणाला ठाऊक होतं? मीसुद्धा हसायचे, त्याबद्दल मला अजून माझाच राग येतो. महिन्यातले दहा-बारा दिवस तिला अंगावरून जायचं. शेजारणी म्हणायच्या, "बाईच्या जातीला हे असायचंच." पाच वर्षं तिनं ते दुखणं अंगावर काढलं.

एके सकाळी शेणाची पाटी उचलताना ती गोठ्यातच कोसळली, तेव्हा कुठे तिला पुण्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन चार.

"श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवतं ते हे," त्या म्हणाल्या. "त्याला लोह लागतं. दर महिन्याला इतकं रक्त जातंय आणि खाण्यातून लोह मिळत नाही, मग भरून येणार कुठून? आधी दोन बाटल्या रक्त, मग गर्भपिशवीचं ऑपरेशन. थांबलात तर हृदय दगा देईल."

रक्तपेढीवाले आईच्या गटाचं रक्त जुळवून देणार होते. बदल्यात घरच्या दोघांनी रक्त द्यायचं, गट कुठलाही चालेल.

वडील आणि दादा बाहेर बाकावर बसले होते. दोघंही कांद्याची भरली गोणी एका हिसक्यात पाठीवर घेणारे. वडील म्हणाले, "कामाचं दिवस हायेत. रक्त दिलं तर अंगातला जोर जाईल." दादा म्हणाला, "गावाकनं कुणाला तरी बोलवू की." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बसा म्हटलं, मीच देते.

तपासणाऱ्या मुलीनं माझ्या बोटाला सुई टोचली आणि थोड्या वेळानं मान हलवली. "ताई, तुमचं घेता येणार नाही. साडेबारा तरी लागतं. तुमचं आठच आहे."

मी एकोणीस वर्षांची होते. आमच्यात बायका शेवटी जेवतात. आम्ही दोघी बसायचो तोवर कालवणाचं पातेलं खरवडलेलं असायचं, मग भाकरी, चटणी आणि वर चहा. जेवणावरचा चहा जेवणातलं आहे तेवढं लोहही अंगी लागू देत नाही, हे मला फार नंतर कळलं. दूध आणि अंडी दादाला, कारण तो तालमीला जायचा. हे सगळं मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या दिसलं आणि मी बाहेर येऊन दवाखाना डोक्यावर घेतला.

"आईचं चार हाय, माझं आठ! तुमचं किती हाय ते तरी कळू द्या!"

माणसं वळून बघायला लागली, तेव्हा दोघं उठले. मायेनं नाही, लाजेनं. दादाचं पंधरा निघालं. दहा मिनिटांत रक्त देऊन दोघं चहा-बिस्किटं खात बसले. कुणाचा जोरबीर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरी बाटली संपली आणि आईच्या ओठांना जरा रंग आला. तिनं मला जवळ बोलावलं.

"अगं, भायेर गाडीवर उकडल्याली अंडी मिळत्यात. चार आण. दोघांनी रक्त दिलंय, थकलं असतील."

मी आणली. तिच्या कॉटवर बसून सोलली. दोन तिच्या हातात ठेवली आणि तिच्या डोळ्यांसमोर तिसरं मी तोंडात घातलं. वडील आणि दादा दारातच उभे होते.

"अगं, त्यांना?"

"त्यांच्या अंगात लई हाय, आई. तू खा."

आणि चौथंही मीच खाल्लं.